दोघांत मिळून तीन जीव

आहेरांच्या घरी टीव्ही दुपारी लागायचा, म्हणजे ज्या वेळी बाकी कुणाच्याही टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत त्या वेळी. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत तेव्हा टीव्ही चार-पाच घरांतच होते. संध्याकाळी त्यांची लाकडी दारं सरकवली जायची, वरचा भरतकामाचा रुमाल घडी करून बाजूला ठेवला जायचा आणि अर्धी कॉलनी त्या घराच्या फरशीवर येऊन बसायची. आहेरांचा टीव्ही मात्र सुट्टीच्या दिवशी दुपारची जेवणं झाली की सुरू व्हायचा, कारण संजयच्या मामानं मस्कतहून आणलेली काळी पेटी त्याला जोडलेली असायची. पेटीला दोन रिमोट होते. रिमोट आपलं आम्ही म्हणायचो. हातात मावेल एवढी चपटी डबी, तिच्यावर एक छोटी दांडी, एक बटण, आणि पेटीपर्यंत जाणारी लांब वायर. कॅसेट एकच. तिच्यावरचं नाव चिनी होतं की जपानी ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही त्या खेळाला ‘पूल’ म्हणायचो.

आता कुणाला सांगितलं तर हसतील इतका तो साधा होता. खाली नदी, वर अर्धवट पूल आणि पुलावर पेराएवढी दोन माणसं. मामा म्हणायचा की रंगीत टीव्हीवर एक लाल दिसतो आणि एक निळा. आमच्याकडं एक पांढरा होता आणि एक करडा. पुढच्यानं फळ्या टाकत जायचं, मागच्यानं वरून झेपावणाऱ्या घारी मारायच्या. फळी टाकायला उशीर झाला की दोघं नदीत. घार चुकली की ती टाकलेली फळी उचलून न्यायची, तरीही दोघं नदीत. एकट्यानं पलीकडं जायची सोयच त्या खेळात नव्हती. एक जण पळत पुढं गेला तर त्याच्या मागचा पूल कोसळायचा आणि तोही अडकायचा. असे दहा पूल होते, कारण वर कोपऱ्यात दहापैकी कितवा तो आकडा यायचा. आणि त्या आकड्याशेजारी तीन ठिपके. ते जीव. एकेकाला तीन नव्हेत, दोघांत मिळून तीन. पडलं कुणीही, तरी ठिपका सगळ्यांचा जायचा.

आम्ही तिघं खेळायचो. संजय आहेर, मी म्हणजे नंदा, आणि मिलिंद. तिघंही एकाच वर्गात. संजयचे वडील देवळ्याकडून आलेले, मालधक्क्यावर कांद्याच्या व्यापाऱ्याकडं कामाला. त्यामुळं त्यांच्या घरात, अंथरुणांत, टीव्हीवरच्या रुमालातसुद्धा कांद्याचा वास असायचा. माझे आणि मिलिंदचे वडील छापखान्यात, एकाच खात्यात. आमच्या दोघांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो, त्यांच्या घरात सप्तशृंगीचा. संजयची आजी पहिले काही आठवडे आम्हा दोघांना पाणी द्यायची ते वेगळ्या पेल्यातून. खिडकीत ठेवलेला, काठ दुमडलेला तो पितळी पेला मला अजून दिसतो. आम्हालाही कळत होतं आणि तिलाही कळत होतं की आम्हाला कळतंय. पण रिमोट काही वेगळा देता येईना, ते दोनच होते आणि हातोहात फिरायचे. संजय घामट हातानं रिमोट मला द्यायचा, मी मिलिंदला, मिलिंद पुन्हा संजयला, आणि आजी ते जपमाळ ओढत बघायची. एके दिवशी तो पेला खिडकीतून नाहीसा झाला. त्यानंतर आजी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा एकाच ताटात तिघांना आणून द्यायची आणि म्हणायची, “खाई ल्या रे पोरंहो.” मी माणसांवर पटकन विश्वास टाकणारी बाई नाही, आयुष्यात तसं कारणही फारसं मिळालं नाही, पण त्या ताटातला ठेचा मात्र मी मनापासून खाल्ला.

मिलिंदच्या पायांचं दुखणं चौथीपासूनचं. चालता चालता पडायचा. खाली बसला की उठताना आधी गुडघ्यांवर हात, मग मांड्यांवर हात, असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभा राहायचा. वर्गातली पोरं त्याची नक्कल करायची, आणि खोटं कशाला बोलू, एकदा मीही केली होती. मग त्याला मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरनं शकूकाकूला, म्हणजे मिलिंदच्या आईला, समोर बसवून स्वच्छ सांगितलं की हे स्नायूंचं आहे, पायांपासून वर वर सरकत जातं, यावर औषध नाही आणि कुणी देतो म्हणाला तरी घेऊ नका. काकू परत आली तेव्हा माझी आई तिच्याकडं बोंबलाचं कालवण घेऊन गेली होती. काकू म्हणाली, “डॉक्टर लय चांगला होता गं. पाणी विचारलं त्यानं मला.” सातवीत मिलिंदचं चालणं बंद झालं. त्याच्या वडिलांनी लाकडी खुर्चीला जुन्या सायकलची चाकं लावून दिली, पण आहेरांच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या. तिथून पुढं संजय त्याला पाठुंगळी घ्यायचा.

खेळात मात्र मिलिंद आमचा मुकादम होता. मी आणि संजय नुसते बटणं बडवणारे. घारी ठरावीक अंतरानं येतात आणि दर तिसरी घार उलट्या बाजूनं येते, हे त्यानं शोधलं. चौथ्या पुलाची मधली फळी खोटी असते, तिच्यावर पाय ठेवायचाच नसतो, हेही त्यानंच. तो फळ्या टाकायचा, मी घारी मारायचे, आणि ज्याच्याकडं रिमोट नसेल तो मागं बसून ओरडायचा. त्याला आम्ही बघ्या म्हणायचो. बघ्याचं काम हलकं नव्हतं, खेळणाऱ्याची नजर आपल्याच माणसावर खिळलेली असते. “घार!” “गेली!” “फळी!” “टाकली!” असा तो आरडाओरडा दुपारभर चालायचा, आणि शेजारच्या खोलीत दुपारची झोप घेणारे आहेर काका भिंतीवर थापा मारायचे. शाळेतही आमची तीच भाषा झाली. मुख्याध्यापक व्हरांड्यातून येताना दिसले की मागच्या बाकावरून मिलिंद हळूच म्हणायचा, “घार,” आणि मी वही झाकून म्हणायचे, “गेली.” पूल पार झाला की दोन्ही माणसं पलीकडच्या काठावर एकदा उडी मारायची. त्या उडीच्या वेळी आम्ही तिघंही जागच्या जागी उडायचो, मिलिंद नुसत्या खांद्यांनी. पुढं मला नोकरी लागली, बदल्या झाल्या, शाळेच्या सत्कारात शालही मिळाली. पण दुसऱ्या कुणाचं चुकलं नाही म्हणून आपण वाचलो, हा जो आनंद असतो, तो मला पुन्हा कधी मिळाला नाही.

मिलिंदला एकच लागून राहिलं होतं, दहाव्या पुलाच्या पलीकडं काय आहे ते. संजय म्हणायचा, खजिना असेल. मी म्हणायचे, राजवाडा. मिलिंद म्हणायचा, “खजिना कशाला देतील? चालायला रस्ता असेल नुसता.” आम्ही आठव्यापर्यंत पोचलो होतो. नववा एकदाच दिसला होता, तोही वीज गेल्यामुळं अर्धवट. आणि मग आठवीच्या सुट्टीत आमचं मागं मागं यायला लागलं. आधी सातव्यावर अडलो, मग पाचव्यावर. फळी पडायची, पण एक श्वास उशिरा. मिलिंद म्हणायचा बटण घट्ट झालंय. मी बटणात खोबरेल सोडलं. संजयनं रिमोट उघडून फुंकर मारली आणि त्या भानगडीत आतली तार तोडली. मग मामाला पत्र गेलं आणि मस्कतहून कुणाच्या तरी सामानातून नवा रिमोट आला. नवा लोण्यासारखा चालायचा. तरी फळी उशिराच पडत होती. तेव्हा आम्हा तिघांना कळलं, आणि तिघांनीही ते एकमेकांना सांगितलं नाही.

एका रविवारी तिसऱ्याच पुलावर आमचे तिन्ही जीव गेले आणि संजयच्या तोंडून निघून गेलं, “काय रे लेका, तुझ्यामुळं हरतो आपण दर टायमाला!” संजय वाईट मुलगा नव्हता, याच मुलानं त्याला दोन वर्षं पाठीवर वाहिलं होतं. मिलिंद म्हणाला, “हो ना. मी बघ्या होतो आता.” आणि त्यानं रिमोट दिला. पुढं तीन-चार आठवडे तो बघ्याच राहिला. आवाज त्याचा चांगला होता, घारी तो आमच्याआधी पाहायचा, आम्ही पुन्हा आठव्यावर गेलो, नवव्यावर गेलो. प्रत्येक उडीला संजय आणि मी उडायचो आणि मग मागं वळून बघायचं धाडस होत नसे. एकदा मी वळले. तो रिकामा अंगठा आपल्या मांडीवर दाबत होता, पडद्यावर फळी पडायची त्याच ठेक्यावर.

माझ्या भाच्याचा मुलगा हल्ली कानांवर ते गोल लावून बसतो आणि भिंतीशी बोलतो. परवा विचारलं तर म्हणाला, टीममध्ये एक जण इंदूरचा आहे, बाकीचे दोघं कुठले ते ठाऊक नाही. “त्यांच्यातला एखादा चुकायला लागला तर?” मी म्हटलं. “तर काय आजी, काढून टाकतो. दुसरा येतो.” सरळ उत्तर होतं, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आमच्याकडं दुसरा यायची सोय नव्हती म्हणून मी जे केलं ते केलं, आणि ते काढून टाकण्यापेक्षा बरं होतं की वाईट, हे मला आज इतक्या वर्षांनी सांगता येत नाही.

कल्पना माझी. संजयवर ढकलायचा मोह पूर्वी झाला होता, पण तो बिचारा नुसता हो म्हणाला. मामा दिवाळीला येणार होता आणि त्यानं आधीच कळवून टाकलं होतं की पेटी आता त्याच्या स्वतःच्या मुलाला हवी आहे. म्हणजे दहावा पूल पाहायला पाच-सहा रविवार उरले होते. मी संजयला म्हटलं, तुटलेला जुना रिमोट पडलाय ना, तो मिलिंदच्या हातात द्यायचा. त्याची वायर टीव्हीच्या मागं नेऊन सोडायची, कुणाला कळतंय ती पेटीत गेली की नाही. नवा रिमोट तुझ्याकडं, गोधडीखाली. तू मिलिंदच्या मागं बस बघ्या म्हणून, आणि त्याचा माणूस तू चालव. “त्याला कळलं तर?” संजय म्हणाला. मी म्हटलं, “तो पडद्याकडं बघतो, हाताकडं कुठं बघतो?” तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला आपण फार हुशार आहोत असं वाटण्याचे जे काही दिवस असतात, त्यांतला तो एक.

मी मिलिंदकडं गेले आणि सांगितलं की रिमोट दुरुस्त करून आणलाय, बटण एकदम हलकं केलंय, तुझ्याशिवाय दहावा होत नाही. यातलं शेवटचं खोटं नव्हतं. त्याच्या तोंडावर जे आलं ते पाहून शकूकाकूनं हातातलं पीठ तसंच ठेवलं. त्या रविवारी ती स्वतः आमच्याबरोबर आली आणि आहेरांच्या दारात, चौकटीला टेकून उभी राहिली. मिलिंदला लोडाला टेकवून बसवलं, हातात जुना रिमोट दिला, त्याचा अंगठा मीच बटणावर ठेवला. माझ्या हाताला तो गार लागला. संजय मागं, आजीची गोधडी मांडीवर घेऊन. आजी म्हणाली, “काय रे, थंडी वाजस का तुले?” संजय म्हणाला, “हो, ताप आहे.” आणि मी खेळ सुरू केला.

तसं आम्ही त्याआधी कधी खेळलो नव्हतो आणि नंतरही नाही. संजय मनापासून खेळला, त्या एका वाक्याची भरपाई करायची होती त्याला. मिलिंद ओरडत होता, “फळी! टाकली! नंदे, तुझ्या डोक्यावर, घार!” आणि खरंच प्रत्येक फळी त्याच्या ओरडण्यावर पडत होती, कारण संजय त्याच्याच तोंडून हुकूम घेत होता. पाचवा, सहावा, सातवा. आठव्यावर एक जीव गेला, तो माझ्या चुकीनं. नवव्यावर दुसरा. आहेर काका भिंतीवर थापा मारायचे ते उठून दारात आले आणि शकूकाकूच्या शेजारी उभे राहिले. दहाव्या पुलाला घारी दोन्ही बाजूंनी एकदम येतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मिलिंदला दुसऱ्याच जोडीला कळलं. “नंदे, डावी तू घे, उजवी फळी नेते ती नेऊ दे, पडायच्या आत मी दुसरी टाकतो!” आणि दुसरी पडली. शेवटच्या फळीवरून दोन्ही माणसं पलीकडच्या काठावर गेली, त्यांनी उडी मारली, पेटीतून कधी न ऐकलेलं संगीत वाजलं. काकूनं पदर तोंडाला लावला. मी ओरडले, संजय ओरडला, आणि आम्ही सगळे पलीकडं काय येतंय ते बघायला लागलो.

पलीकडं काही नव्हतं. पडदा काळा झाला, आणि पुन्हा तीच नदी, तोच अर्धवट पूल, कोपऱ्यात दहापैकी एक. फक्त घारी आधीपेक्षा भरभर येत होत्या. आम्हाला वाटलं काहीतरी चुकलं असेल, आता येईल. संजयला मात्र इतक्या वेळच्या सवयीनं राहवलं नाही. फळीची वेळ आली तसा त्याचा अंगठा चालला. मी पडद्यावर बघत होते म्हणून माझ्या लक्षात आलं नाही, मिलिंदच्या आलं. जुना रिमोट मघाच आनंदाच्या भरात त्याच्या हातातून घसरून गादीवर पडला होता, उपडा. आणि पडद्यावर त्याचा पांढरा माणूस शहाण्यासारखा फळ्या टाकत चालला होता. एक, दोन, तीन. मिलिंदनं आधी पडद्याकडं पाहिलं, मग आपल्या हाताकडं. मान वळवून मागं बघायला त्याला जमत नव्हतं. तो माझ्याकडं बघून म्हणाला, “माझा माणूस चांगला खेळतो की.”

शकूकाकूला यातलं काही कळलं नाही. ती आत आली, तिनं मिलिंदचं तोंड दोन्ही हातांत धरलं, संजयच्या आईच्या गळ्यात पडली. संध्याकाळी तिनं गुळाची लापशी केली आणि अख्ख्या ओळीत वाटीवाटी वाटली. “आमच्या मिलिंदनं दहावा पूल पार केला. कुणालाच जमला नव्हता.” ज्यांना पूल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं त्या बायाही हो हो म्हणत होत्या. लापशीची वाटी घेऊन मी आमच्या घरात कोपऱ्यात बसले. आई म्हणाली, “वाटी तशीच का? गोड नाही झाली का?”

मिलिंद त्यानंतर आहेरांकडं आला नाही. पाठीवर त्रास होतो म्हणायचा. शाळाही सुटली होती. मी त्याच्याकडं जायचे, वह्या द्यायचे, तो नीट बोलायचा, आणि नीट बोलण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. दिवाळी आठवड्यावर आली. संजय आई-वडिलांबरोबर शेतीच्या कामासाठी देवळ्याला गेला होता, घरी आजी एकटीच. त्या दिवशी दुपारी शकूकाकू मिलिंदला उचलून आहेरांच्या पायऱ्या चढताना मला दिसली. तो आता उंच झाला होता, त्याचे पाय तिच्या गुडघ्यांना लागत होते. “जातोय ना तो डबा परत, मग एकदा खेळायचं म्हणतोय,” ती म्हणाली. “नंदाला बोलव म्हणाला.” त्याला लोडाला टेकवून ती घरी स्वयंपाकाला गेली.

ती गेल्यावर तो म्हणाला, “वायर दाखव.” मी नव्या रिमोटची वायर दाखवली. “अशी नाय. धरून दाखव.” मी रिमोटपासून पेटीपर्यंत हात फिरवत गेले, आणि त्याची नजर माझ्या हाताबरोबर सरकत गेली. “काढ.” मी पिन काढली. “लाव.” लावली. मग त्यानं मान हलवली. मी म्हणाले, “मिलिंद, ते त्या दिवशी...” तो म्हणाला, “खेळ चालू कर गं. घारी मार नीट.”

पहिल्या खेपेला त्यानं दोन फळ्या टाकल्या. दुसऱ्या फळीलाच त्याच्या कपाळावर घाम आला होता. तिसरी फळी पडेपर्यंत आम्ही नदीत होतो. पुढच्या खेपेला एक. मी सगळ्या घारी मारल्या, एकही चुकवली नाही, पण माझ्या घारी मारण्यानं पूल थोडाच होणार होता. तिसऱ्या खेपेला अंगठा बटणावर टेकलेला होता आणि तो सगळं अंग एकवटून दाबत होता, मानेची शीर फुगली होती, आणि बटण हललं नाही. पांढरा माणूस काठावर उभा राहिला, त्याच्यामागं माझा करडा. फळी पडलीच नाही, आणि दोघंही नदीत. तीन ठिपके संपले. सगळं मिळून आमच्या ताटातली अर्धी भाकरी खाऊन होईल एवढ्या वेळात.

“काय व्हयनं रे?” आजीनं विचारलं.

“हरलो आजी,” मिलिंद म्हणाला. मग मला म्हणाला, “माझ्यामुळं हरलो ना?”

“नाही रे, ते बटण...”

“नंदे.”

“हो,” मी म्हटलं. “तुझ्यामुळं.”

तो हसला. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा नीट बोलणं सोडून पहिल्यासारखा हसला, खांद्यांनी. “आईला सांग,” तो म्हणाला. “ती सगळ्यांना सांगत फिरती की मी दहावा पूल पार केला. तो मी नाय केला. हा खेळलो तो मी. पहिल्याच पुलावर तीन येळा पडलो, पण माझ्या हातानं पडलो. तिला सांग.”

“तूच सांग की.”

“मला नाय जमायचं. ती बघती ना माझ्याकडं. तू सांग.”

मी हो म्हणाले. दिवाळीला मामा पेटी घेऊन गेला. त्यानंतर मिलिंदचे हात गेले, मग मान, मग श्वास. आम्ही दहावीच्या परीक्षेला बसलो त्या उन्हाळ्यात तो गेला. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाल्यावर, कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोला, असं म्हणाले. पहिली शकूकाकू उठली. तिला भाषण काय ठाऊक! ती म्हणाली, “माझ्या लेकराला पाय नव्हते, पण त्यानं दहा पूल पार केले. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ही नंदा होती, तो संजय होता, विचारा त्यांना.” सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी उठले. माझ्यासमोर तिचा चेहरा होता. मी म्हणाले, “मिलिंद फार हुशार होता,” आणि खाली बसले.

पुढं चाळीसहून अधिक वर्षं ती मला भेटत राहिली. लग्नात, बारशात, बाजारात मेथी निवडताना. दर वेळी शेजारच्या बाईला सांगायची, “ही नंदा. हिच्याबरोबर आमच्या मिलिंदनं दहावा पूल पार केला होता.” दर वेळी मी मान हलवायचे. तिच्याकडं दुसरं होतं काय? आणि त्याच्याकडं तरी मी दिलेल्या एका शब्दाखेरीज दुसरं काय होतं? दोघांपैकी एकाला नदीत ढकलल्याशिवाय मला पलीकडं जाता येत नव्हतं, आणि मी आयुष्यभर त्यालाच ढकलत आले, कारण तो समोर नव्हता. मागच्या पावसाळ्यात काकू गेली. नव्वदीला आली होती. संजय देवळ्याहून आला होता, आम्ही दोघं विहाराच्या पायरीवर बसलो, आणि दोघांपैकी कुणीही तो विषय काढला नाही.

तर काकू, आता ऐकायला तुम्ही नाही तेव्हा सांगते. दहावा पूल संजयनं पार केला होता, आजीच्या गोधडीखालून. तुमचा मिलिंद पहिल्याच पुलावर पडला. तीनदा पडला, आणि तिन्ही वेळा आपल्या हातानं पडला.